ट्राम येण्याआधी हलवलेली सुई

माथेरानहून परतलेल्या माणसाची पादत्राणे ओळखू येतात. दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही. पायी चाला नाहीतर घोड्यावर बसा, लाल धूळ कपड्यांवर बसतेच. पावसाळा सरला की त्या लाल वाटांच्या कडेला, पाणी वाहून गेलेल्या ओघळींत, बारीक काळ्या कणांच्या रेघा राहिलेल्या दिसतात. मुलांच्या खेळण्यातला लोहचुंबक त्यांवरून फिरवला तर काळे कण केसांसारखे उभे राहून त्याला चिकटतात. लाल माती मात्र बहुतेक जागेवरच राहते. गंमत अशी की दोन्हींत लोहच आहे, आणि लाल मातीतही ते काही थोडेथोडके नाही.

या काळ्या कणांपासून सुटका करून घेण्यासाठी एका माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, माथेरान ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, दूर सौराष्ट्रातला दगड वापरून इमारती उभ्या केल्या. त्यांचे नाव नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे ते संचालक होते. भूचुंबकत्वाचा अभ्यास करणारे जगात कुठेही असले तरी त्यांना हे नाव ठाऊक असते. अलिबागच्या किनाऱ्यावर घोडागाडीतून फिरणाऱ्यांना बहुधा नसते.

मूस यांच्याकडे वळण्याआधी त्या काळ्या कणाची ओळख करून घेऊ. आम्हा डॉक्टरांची लोहाशी रोजची गाठ असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असते आणि ते फेरस स्वरूपात असावे लागते. फेरस म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला लोहाचा अणू. त्याने आणखी एक गमावला की तो फेरिक होतो. हिमोग्लोबिनमधले लोह फेरिक झाले तर ते प्राणवायू वाहू शकत नाही. असे हिमोग्लोबिन वाढले की रक्त चॉकलेटी दिसू लागते आणि रुग्ण निळसर पडतो. शरीर म्हणून या दोन रूपांवर कडक पहारा ठेवते. रक्तपेशीत एखादा अणू फेरिक झालाच तर त्याला पुन्हा फेरस करणारी विकरे तिथे सतत कामावर असतात.

दगडात असा पहारा नसतो. आपला सह्याद्री ज्या लाव्हारसाचा बनला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरत थंड झाला आणि त्यात मॅग्नेटाइट नावाचे खनिज तयार झाले. त्याच्या सूत्रात लोहाचे तीन अणू असतात, एक फेरस आणि दोन फेरिक. एकाच धातूची दोन संयुजी रूपे एकाच स्फटिकात शेजारीशेजारी नांदतात, म्हणून अशा पदार्थांना मिश्रसंयुजी संयुगे म्हणतात. नुसते शेजारी राहून ते थांबत नाहीत. फेरस अणूजवळचा जादा इलेक्ट्रॉन शेजारच्या फेरिक अणूकडे उडी मारतो. मग तो फेरस होतो आणि पहिला फेरिक. ही देवघेव इतकी झपाट्याने चालते की अमुक अणू फेरस आणि तमुक फेरिक असे बोट ठेवून सांगता येत नाही. म्हणूनच मॅग्नेटाइटमधून वीज बऱ्यापैकी वाहते, तर शुद्ध गंजातून जवळजवळ वाहतच नाही.

चुंबकत्वाचा हिशेबही याच मिश्रणातून निघतो. प्रत्येक लोह-अणू हा एक चिमुकला चुंबक असतो. मॅग्नेटाइटच्या स्फटिकात त्यांना बसायला दोन तऱ्हेच्या जागा आहेत आणि एका तऱ्हेच्या जागेतले चुंबक दुसऱ्या तऱ्हेच्या विरुद्ध दिशेला तोंड करतात. फेरिक अणू दोन्हींकडे सारखेच वाटले गेल्यामुळे त्यांची बेरीज शून्य होते. उरतात ते फेरस अणू. ते सगळे एकाच तऱ्हेच्या जागेत बसलेले असतात, त्यांना खोडून काढणारे समोर कोणी नसते, आणि त्यांच्या जोरावर आख्खा कण चुंबक होतो. माथेरानच्या माथ्यावर काय झाले आहे? युगानुयुगे पाऊस आणि हवा खाऊन तिथल्या काळ्या कातळाचा जांभा झाला. त्यातले फेरस लोह बहुतेक फेरिक झाले, गेरूसारखे लाल. आता सगळेच फेरिक म्हटल्यावर समोरासमोरचे चुंबक एकमेकांना जवळजवळ पुरते खोडून काढतात आणि माती लोहचुंबकाकडे ढुंकून बघत नाही. जे काळे कण या गंजण्यातून वाचले, तेच खेळण्यातल्या चुंबकाला चिकटतात.

यातले काहीच मूस यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी कुलाब्याची सूत्रे घेतली त्यानंतरच्या वर्षी, १८९७ मध्ये, इलेक्ट्रॉनचा शोध लागला. मॅग्नेटाइटमध्ये अणू कसे रचले आहेत हे क्ष-किरणांनी दिसले ते १९१५ साली. काळा दगड सुईला भुलवतो, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजी झाला. मुंबई विद्यापीठाची एल.सी.ई. ही स्थापत्याची पदवी त्यांनी घेतली. पुढे ते एडिंबरोला गेले आणि तिथली विज्ञानाची पदवी घेऊन परतले. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी काही काळ शिकवले. अभियंत्याचे हात आणि भौतिकीचे डोके हा जोड पुढे त्यांच्या किती उपयोगी पडला ते दिसेलच. नुसता गणिती असता तर अलिबाग झाले नसते असे मला वाटते.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापली. तिथे चुंबकीय निरीक्षणे १८४१ मध्ये आर्थर ऑर्लेबार या एल्फिन्स्टनच्या प्राध्यापकाने सुरू केली. युरोपात हुंबोल्ट आणि गाउस यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची जगभर एकाच वेळी मोजणी करण्याची कल्पना रुजवली होती, तिच्या ओघातच हे झाले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनीही ही वेधशाळा काही काळ सांभाळली होती. १८४६ पासून नोंदी नियमित झाल्या. रात्र असो, पाऊस असो, दर तासाला माणसाने जायचे, दुर्बिणीतून टांगत्या चुंबकाची स्थिती वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा. पुढे चार्ल्स चेंबर्स यांनी प्रकाशकिरण आणि छायाचित्राचा कागद वापरून आपोआप रेघ काढणारी यंत्रे आणवली. तीस वर्षे वेधशाळा चालवून चेंबर्स १८९६ मध्ये वारले आणि त्यांच्या जागी मूस आले. या पदावर कायम झालेले ते पहिले भारतीय.

ते वर्ष मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात काळ्या शाईने लिहिलेले आहे. सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले. शहर ओस पडू लागले, हाफकिन भायखळ्यात लस बनवण्याच्या मागे लागले. मूस यांनी पुढे जी साठ वर्षांची निरीक्षणे छापली, त्यांत ही प्लेगची वर्षेही आहेत. १२ जून १८९७ ला आसामात प्रचंड भूकंप झाला. पुढच्याच वर्षी कुलाब्यात भूकंपमापक बसला. वेधशाळेच्या कामाची व्याप्ती अशी वाढत होती, तेवढ्यात वेगळेच संकट चालून आले.

संकट तसे शहराच्या भल्याचेच होते. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या आणि पहिल्या मार्गांपैकी एक कुलाब्याहूनच निघत होता. घोड्याच्या नालाचे लोखंड वेधशाळेतल्या सुईला हलवायला पुरेसे नव्हते. विजेच्या ट्रामची गोष्ट वेगळी. तिला वरच्या तारेतून मिळणारा विद्युतप्रवाह काम करून रुळांतून परत जातो आणि त्यातला काही जमिनीत झिरपतो. ट्राम सुरू झाली, थांबली, चढाला लागली, की हा प्रवाह कमीजास्त होतो आणि जिथे प्रवाह तिथे चुंबकीय क्षेत्र. पृथ्वीचे क्षेत्र मुंबईत सुमारे ४० हजार नॅनोटेस्ला. त्यात सूर्यामुळे रोज जो चढउतार होतो तो अवघ्या काही दशक नॅनोटेस्लांचा. मूस यांचे सारे संशोधन या बारीक चढउतारावर उभे होते. शेजारून ट्राम जाऊ लागली असती तर त्यांच्या कागदावर सूर्य दिसला नसता, कुलाब्याच्या ट्रामचे वेळापत्रक दिसले असते.

हे इतके लहान आकडे कसे वाटतात याची कल्पना यावी म्हणून सांगतो. एमआरआयच्या यंत्रातले क्षेत्र सामान्यतः दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे पस्तीस हजारपट. त्या खोलीत जाताना आम्ही रुग्णाला किल्ल्या, नाणी, पिना बाहेर ठेवायला लावतो, कारण तिथला चुंबक फार बलवान. भूचुंबकीय वेधशाळेतही किल्ल्या बाहेरच ठेवतात, पण तिथे कारण उलटे आहे. तिथली सुई फार हळवी.

ट्राम थांबवा, असा हट्ट धरता आला असता. विज्ञानाच्या नावाने सरकारदरबारी अर्ज करत बसता आले असते, आणि ट्राम तरीही आलीच असती. मूस यांनी हलायचे ठरवले. जागा अशी हवी होती की मुंबईपासून फार दूर नाही, म्हणजे साठ वर्षांच्या नोंदींशी नवी नोंद जुळवता येईल, पण विजेच्या ट्राम आणि आगगाड्या तिच्या जवळपास येणार नाहीत. मुंबईच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवरचे अलिबाग त्यांनी निवडले. अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे ठाणे होते. १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा असल्यामुळे जुन्या कागदांत वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. मुंबईतल्या कुलाब्याची वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात गेली, आणि अलिबागच्या समुद्रात कुलाबा नावाचा किल्ला आहे तो वेगळाच.

जागा मिळाली तरी काळ्या कातळाचा प्रश्न होताच. कोकणात घर बांधायचे तर काळा दगड नाहीतर जांभा. यंत्राच्या हाताच्या अंतरावर मॅग्नेटाइटने भरलेली भिंत उभी करायची म्हणजे सुईच्या कानाशी बडबड्या माणूस बसवण्यासारखे. दगडाचे चुंबकत्व एकसारखे असते तर फार बिघडले नसते, तेवढे वजा करता आले असते. पण भिंत दिवसा तापते आणि रात्री निवते आणि दगडाचे चुंबकत्व तापमानाबरोबर किंचित बदलते. जो दैनिक चढउतार मोजायचा, त्याच लयीत भिंतीनेही सूर धरला तर दोन्ही वेगळे काढायचे कसे? मूस यांनी पोरबंदरचा दगड वापरला. मुंबईच्या जुन्या सरकारी इमारतींवरचे नक्षीकाम ज्या फिकट, पिवळसर दगडात आहे, तोच हा. त्यात मुख्यतः चुना असतो आणि मॅग्नेटाइट नावालाही नसते म्हटले तरी चालेल. हा दगडही निवडून, चुंबकत्वाची परीक्षा करून घेतला होता. खिळे, बिजागऱ्या, कड्या, जे जे एरवी लोखंडाचे असते ते ते तांब्यापितळेचे. इथे तो स्थापत्याचा पदवीधर कामी आला.

१९०४ मध्ये अलिबागची यंत्रे सुरू झाली आणि मूस यांनी कुलाब्याची यंत्रे बंद केली नाहीत. मला त्यांची सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू राहिल्या. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत साखर मोजण्याचे नवे यंत्र आले की शहाणा तंत्रज्ञ जुने यंत्र लगेच माळ्यावर टाकत नाही. काही दिवस तोच नमुना दोन्हींत घालतो, फरक किती पडतो ते पाहतो आणि मगच नव्यावर विसंबतो. तसे केले नाही तर रुग्णाची साखर खरेच वाढली की यंत्र बदलले, हे कधीच कळत नाही. वेधशाळेत हा प्रश्न अधिकच बिकट होता. कुलाब्याच्या आणि अलिबागच्या आकड्यांतला फरक काही अंशी अंतरामुळे पडायचा आणि काही अंशी दोन्ही ठिकाणी जमिनीखाली असलेल्या कातळामुळे. भिंती पोरबंदरच्या करता येतात, जमीन करता येत नाही. प्रत्येक ठिकाणचा कातळ त्यातल्या मॅग्नेटाइटप्रमाणे क्षेत्राला आपला एक वेगळा कल देतो. सह्याद्रीत वीज पडलेल्या एखाद्या सुळक्यावर होकायंत्र ठेवले तर ते हात दोन हात सरकवताच वेगळी उत्तर दिशा दाखवू शकते. हा कल आकडेमोड करून काढता येत नाही, दोन्ही ठिकाणी शेजारीशेजारी मोजूनच काढावा लागतो. मूस यांनी तो मोजला. त्यामुळे १८४६ पासूनची माळ अलिबागला तुटली नाही, ओवली गेली.

१९०६ मध्ये कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे थांबली. पुढच्या मार्चमध्ये नेरळहून माथेरानला छोटी आगगाडी सुरू झाली आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. माथेरानची गाडी वाफेवर चालणारी होती, तिच्यापासून कोणत्याही सुईला धोका नव्हता. मुंबईत मात्र १९२५ मध्ये उपनगरी गाड्याही विजेवर आल्या. कुलाब्यात रेंगाळलो असतो तर दुसऱ्यांदा बुडालो असतो, हे मूस यांना निवृत्तीनंतर घरबसल्या पाहायला मिळाले.

हलवाहलव आटोपल्यावर ते साठ वर्षांच्या वह्यांकडे वळले. १८४६ ते १९०५ या काळातली मुंबईची चुंबकीय निरीक्षणे आणि त्यांचा ऊहापोह असा दोन भागांचा ग्रंथ १९१० मध्ये निघाला. हातात ना संगणक, ना बेरजेचे नीटसे यंत्र. त्यात त्यांनी एक साधी पण कोणाला न सुचलेली गोष्ट केली. चुंबकीय वादळे दिवसाच्या कोणत्याही वेळी येतात. मूस यांनी घड्याळाची वेळ बाजूला ठेवली आणि वादळ सुरू झाल्याच्या क्षणापासून तास मोजले. अशी अनेक वादळे एकावर एक ठेवून सरासरी काढल्यावर सर्वांचा एकच आकार दिसला. क्षितिजसमांतर क्षेत्र आधी थोडे वाढते, मग काही तासांत खोल घसरते आणि पुढे दिवसन् दिवस हळूहळू सावरते. तापाच्या तक्त्यावर मलेरिया ओळखणाऱ्या वैद्याची ही रीत आहे. प्रत्येक रुग्णाचा पहिला दिवस त्याच्या थंडी वाजण्यापासून मोजायचा, पंचांगातल्या तारखेपासून नव्हे. पुढे इंग्लंडात सिडनी चॅपमन यांनी चुंबकीय वादळांचे जे शास्त्र उभारले, त्याला मूस यांच्या या कामाचा आधार होता.

मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये वारले. त्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १९३९ मध्ये, हॉलंडमध्ये एव्हर्ट फर्व्हे यांनी मॅग्नेटाइट उणे १५० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केले तर काय होते याचा उलगडा मांडला. त्या थंडीत इलेक्ट्रॉनच्या उड्या थांबतात, फेरस आणि फेरिक आपापल्या जागी गोठतात आणि विजेचे वहन एकदम सुमारे शंभरपटीने घटते. ते नेमके कसे गोठतात यावर आजही शोधनिबंध निघतात. १९४८ मध्ये फ्रान्सच्या लुई नेल यांनी समोरासमोरच्या चुंबकांचा तो वजाबाकीचा हिशेब मांडला. त्याबद्दल त्यांना १९७० चे नोबेल मिळाले. काळा दगड सुईला का भुलवतो याचे पुरते उत्तर असे मूस यांच्या पश्चात आले.

अलिबागची वेधशाळा १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. संस्थेचे मुख्यालय आता पनवेलला, माथेरानच्या डोंगराच्या पश्चिम पायथ्याच्या बाजूला. या संस्थेतल्या वैज्ञानिकांनी अमेरिकेतल्या ब्रूस त्सुरुतानी यांच्याबरोबर कुलाब्याच्या जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या आणि २००३ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांना हव्या होत्या २ सप्टेंबर १८५९ च्या नोंदी, म्हणजे मूस यांच्या जन्माच्या आठ आठवडे आधीच्या. आदल्या दिवशी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर अचानक उफाळलेला प्रकाश पाहिला होता आणि पाठोपाठ पृथ्वीवर ज्ञात इतिहासातले बहुधा सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आले. उत्तरेकडच्या अनेक वेधशाळांच्या नोंदी त्या दिवशी कागदाबाहेर गेल्या. कुलाब्यात तेव्हा आपोआप रेघ काढणारे यंत्र आलेले नव्हते, माणूस डोळा लावून वाचत होता. नोंदीत क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आलेले दिसते. १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांताची वीज नऊ तास घालवणाऱ्या वादळाच्या नोंदींशी ताडून पाहण्यासाठी विषुववृत्ताच्या जवळचा इतका चांगला जुना आकडा दुसरीकडे कुठे नाही. वीजमंडळे आणि उपग्रहवाले सर्वांत वाईट काय होऊ शकते याचा अंदाज बांधायला बसले, की आजही कुलाब्याची ती वही उघडतात.